वॉर्डच्या ‘ओव्हर’साठी चार दस्ती रजिस्टर : सहा महिने वापरल्यावर

जाड पुठ्ठा, लाल कापडी पाठ, चार दस्ती. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे २२० रुपयांना मिळालं. मी सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर; पाळी बदलताना ‘ओव्हर’, म्हणजे पेशंटची माहिती, पुढच्या पाळीला द्यायला-घ्यायला आम्ही हेच वापरतो.

आधी सगळे निरोप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचो. एका रात्री तिथे मेसेज आला, ११ नंबरच्या आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन सकाळी ९ वाजता, एनबीएम (‘निल बाय माउथ’, तोंडाने काहीही द्यायचं नाही) ठेवा. त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांची रांग लागली. जिला तिला वाटलं, दुसरीने वाचलं असेल. चहा वाटणाऱ्या मावशी तर ग्रुपवर नव्हत्याच. साडेसहाला त्यांनी आजोबांच्या हातात कप दिला. साधं पाणी असतं तर दोन तासांनी भूल देता आली असती, दुधाच्या चहाला सहा तास थांबावं लागतं. ऑपरेशन पुढे ढकललं. रजा काढून गावाहून आलेला मुलगा जिन्यात बसून होता, त्याच्याशी काय बोलावं मला सुचेना.

दुसऱ्याच दिवशी रजिस्टर आणलं. पानावर चार रकाने आखले: आत्ता काय होतंय, आधी काय झालंय, मला काय वाटतं, पुढच्या पाळीने काय करायचं. ही एसबीएआर (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन) पद्धत. मूळची अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधली, पुढे दवाखान्यांनी उचलली. पाचवा रकाना माझा, घेणारीच्या सहीचा. ती बेडपाशी उभी राहून मोठ्याने वाचते, मगच सही करते. एनबीएमचे बेड नंबर लाल पेनने सगळ्यात वर, तिथे मावशींचीही सही.

आता रजिस्टरबद्दल. शिलाई पक्की आहे, उघडं ठेवलं तर सपाट राहतं, एका हातात बीपीचा पट्टा असला तरी लिहिता येतं. कागद मात्र पातळ. जेल पेनची शाई मागे उमटते आणि सॅनिटायझरचा थेंब पडला की अक्षर पसरतं, म्हणून बॉलपेनच वापरा. पानांवर छापील क्रमांक नाहीत, ही मोठी उणीव. पान फाडलं तर कळायला हवं. मी एका नाइटला बसून सगळे हाताने घातले.

परवा दुसरं घ्यायला गेले, २३५ झालंय. तरी घेतलं. सोबत एक छोटी वही चहाच्या ट्रॉलीला बांधायला. ती मावशींनीच मागितली.