कोकणातल्या घरात गडद बार: लाकूड, लॅमिनेट की दगड?

घरात गडद रंगाचा बार करायचा ठरला की सगळेच आधी फोटो जमवतात. काळं कपाट, पितळी कड्या, बाटल्यांच्या मागून येणारा मंद पिवळा उजेड. यातली बहुतेक घरं कोरड्या हवेतली किंवा दिवसभर एसी चालणारी असतात. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही तोच बार उभा करायचा असेल तर रंगाच्या छटेआधी एक गोष्ट ठरवा: हा काळेपणा वस्तूच्या अंगचा आहे की वरून चढवलेला?

कारण आपल्याकडे वरचा थर सोलला जातोच. रत्नागिरीत एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारं वारं असतं. फिकट कपाटावर पांढरी बुरशी, मिठाची पूड, पाण्याचा डाग चटकन नजरेला येत नाही. काळ्यावर तिन्ही लांबून दिसतात, आणि ओरखडा गेला की खालचा फिकट थर रेघ होऊन उमटतो.

दुसरा प्रश्न घराचा. बारमाही राहतं घर आणि गणपती, शिमगा, मे महिना सोडून कुलपात असणारं घर यांना एकच उत्तर लागू पडत नाही. राहत्या घरात रोज खिडक्या उघडतात, पंखा फिरतो, फडकं फिरतं. बंद घरात जूनमध्ये कोंडलेली दमट हवा गणपतीपर्यंत तशीच राहते.

कपाट: इथेच खरा निर्णय आहे

पहिला पर्याय सर्रास केला जातो तो, प्लायवर काळं मॅट लॅमिनेट. काम लवकर होतं, रंग सगळीकडे सारखा येतो, खर्च आवाक्यात राहतो. पण लॅमिनेट जेमतेम एक मिलिमीटर जाड, आणि खाली प्लाय. पाणी शिरतं ते कडेतून. म्हणून प्लाय आयएस ७१० छापाचा मरीनच, म्हणजे पाण्याला टिकणारा, घ्या, कडांना दोन मिलिमीटरची पट्टी लावून घ्या आणि आतल्या बाजूलाही लॅमिनेट मारून घ्या. आतली बाजू उघडी ठेवली की फळी वाकते आणि बुरशी आतून सुरू होते. एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) काळा डुको, म्हणजे फवारून मारायचा रंग, मारून देतो असं कोणी म्हणालं तर सरळ नको म्हणा. एमडीएफने एकदा पाणी प्यायलं की ते फुगतं आणि परत बसत नाही.

दुसरा पर्याय अस्सल लाकूड. काळपट दिसायला हवं म्हणून फिकट लाकडावर गडद स्टेन (लाकडात मुरणारा रंग) चढवण्यापेक्षा मुळातच गडद असलेलं लाकूड शोधा. आपल्या रानातल्या ऐन या झाडाचं लाकूड तपकिरी, त्यात काळसर रेषा. पॉलिश झालं की त्याला जी खोली येते ती कुठल्याही छापील लॅमिनेटला येत नाही. ऐन जड आणि कठीण असतो, नीट सुकवलेला नसेल तर तडकतो. सुतार कुरकुरेल, पण ओरखडा पडला तरी खालून तपकिरीच दिसेल. शिसव त्याहून देखणं आणि त्याहून महाग. सागवान वाळवीला सहसा दाद देत नाही, मात्र त्याचा मूळ रंग सोनेरी. गडद हवा तर स्टेन आलाच. फणस पिवळा निघतो आणि बऱ्याच वर्षांनी तांबूस होतो, म्हणून या कामाला मी तो धरणार नाही. जुनं घर उतरवताना निघालेले वासे किंवा खांब मिळत असतील तर ते आधी घ्या. इतकी वर्षं ऊन-पाऊस खाल्लेलं लाकूड आता फारसं हलत नाही.

लाकडाच्या पॉलिशबाबत मात्र तडजोड नको. फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावलेला थर, आणि दारूही तेच काम करते. पेल्यातून व्हिस्की सांडली आणि तशीच राहिली की तिथे पांढुरका डाग उठतो. बैठकीतल्या खुर्चीला ते पॉलिश शोभतं, बारला चालत नाही. जवसाच्या तेलाचं फिनिश दिसायला सुरेख, डागडुजीला सोपं, पण बंद घरात त्या तेलावरच बुरशी पोसली जाते. राहिलं मॅट पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. लाकडाचा पोत थोडा झाकतो, पण पाणी आणि मद्य दोन्ही सोसतो.

तिसरा पर्याय फार कमी जण विचारतात: कॉम्पॅक्ट लॅमिनेट. सहा ते बारा मिलिमीटर जाडीची ही फळी राळ आणि कागद दाबून केलेली असते आणि तिचा गाभाच काळा असतो. कड कापून तशीच ठेवली तरी काळी. पाण्याने ती फुगत नाही, वाळवीला तिच्यात खायला काही नाही. किंमत जास्त, आणि कापायला कार्बाइडचं पातं लागतं, म्हणून सुताराशी आधी बोलून घ्या.

माझा कौल असा: राहत्या घरात ऐन किंवा जुनं सागवान, वर मॅट पीयू. बंद घरात कॉम्पॅक्ट लॅमिनेट, आणि ते परवडत नसेल तर मरीन प्लायवर लॅमिनेट. बंद घरात लाकूड हवंच असेल तर फक्त दर्शनी पट्टीला आणि कडांना वापरा.

ओटा: ग्रॅनाइट की कडप्पा

काळा दगड म्हटलं की आपल्याकडे कडप्पा आठवतो. स्वयंपाकघरात, मोरीत, पडवीच्या कट्ट्यावर तो वर्षानुवर्षं टिकलेला आपण पाहिलाय, आणि तो स्वस्तही आहे. बारच्या ओट्यावर तो घालू नये असं मला मनापासून वाटतं. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आणि बारवर लिंबू, कोकम, संत्रं रोजचंच. आम्लाने चुनखडी खाल्ली जाते. लिंबाची फोड रात्रभर राहिली की सकाळी तिथे निस्तेज ठसा असतो, आणि तो पुसून जात नाही, घासून पुन्हा पॉलिशच करावं लागतं. काळ्या संगमरवराचं तेच. फोटोत तो सगळ्यांत श्रीमंत दिसतो आणि वापरात सगळ्यांत हळवा ठरतो.

काळ्या ग्रॅनाइटला लिंबूपाणी काही करत नाही. मात्र आरशासारखा चकाकता घेतलात तर प्रत्येक पेल्याचं वर्तुळ आणि बोटाचा ठसा दिसेल. त्याच दगडाचं लेदर फिनिश घ्या, हाताला किंचित खडबडीत लागतं आणि डाग लपवतं. ओट्याची उंची ४२ इंच, स्टूल ३० इंचाचं, गुडघ्यांसाठी पुढे १० ते १२ इंच फळी बाहेर.

धातू, भिंत, उजेड

काळा पावडर कोटिंग केलेला लोखंडी सांगाडा वर्षभर छान दिसतो. मग वेल्डिंगच्या सांध्यापाशी तांबूस फुगवटा येतो आणि पापुद्रे सुटतात. समुद्र घरातून दिसत असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. नेहमीच्या ३०४ ग्रेडमध्ये नसलेला मॉलिब्डेनम हा धातू त्यात असतो, तो मिठाला तोंड देतो. स्वस्तातलं २०२ ग्रेडचं टाळा. पितळ काळवंडणारच, पण गडद लाकडावर ते काळवंडलेलंच मला अधिक आवडतं. चकचकीत हवं असेल तर आमसुलाने घासायची तयारी ठेवा.

बार पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला लावू नका. आतली भिंत निवडा आणि मागे दोन बोटं फट ठेवा. काळ्या रंगाच्या ओल्या भिंतीवर क्षार फुटतात, ते दर वर्षी रंगवूनही परत येतात. जांभ्याची उघडी भिंत असेल तर तीच बारची मागची बाजू होऊ द्या. तांबूस दगड, पुढे काळं लाकूड: या जोडीला आणखी सजावट लागत नाही. बाटल्यांमागे आरसा लावण्याचा मोह होतो, पण खाऱ्या हवेत त्याच्या कडा काळ्या पडत आत सरकतात. मागून रंगवलेली काच तुलनेने बरी. दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, थेट बाटल्यांवर पडणारे. गडद पृष्ठभाग उजेड गिळतात, म्हणून नेहमीपेक्षा जास्त दिवे लागतील.

उघडे खण की दारं? दारंच. धूळ आणि दमटपणा हे एक कारण. दुसरं असं की त्याच दिवाणखान्यात गणपती बसतो, मखर सजतं, आणि त्या दिवसांत बार दिसू नये असं घरातल्या मोठ्यांना वाटतं. सरकत्या फळ्यांनी तो पूर्ण मिटला पाहिजे.

वाइनचा छोटा फ्रिज घेताना कॉम्प्रेसरवाला आहे ना ते विचारा. कॉम्प्रेसर नसलेले फ्रिज बाहेरच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनीच थंड करतात, आणि मे महिन्यात ते पुरत नाही. वीज तर जातेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत ती बरेच दिवस आली नव्हती. वाइनचा मोठा साठा करण्याआधी हे लक्षात असू द्या. खण किती हवेत याचा हिशेब परवान्यावरूनही करा. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, त्यावर साठ्याची मर्यादा असते, आणि गोव्याहून फेणीच्या बाटल्या गाडीत टाकून आणायलाही वेगळी परवानगी लागते.

ऑर्डर देण्याआधी दुकानातून फळीचा आणि दगडाचा तुकडा मागून आणा. एका कोपऱ्यावर लिंबाची फोड, दुसऱ्यावर थोडी रम ओतून रात्रभर ठेवा, आणि फळीची कापलेली कड दोन दिवस पाण्यात बुडवा. मिस्त्रीला ॲडव्हान्स त्यानंतर द्या.