स्क्विडची अंडी प्रयोगशाळेत फलित करायची तर कोणती पद्धत घ्यावी?

आधी हातात कोणता स्क्विड आहे ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

डोरिट्युथिस पीलेईसारखे किनाऱ्याजवळचे स्क्विड टाकीतही अंडी घालतात, बोटासारख्या लांबट कॅप्सूलमध्ये शंभर-दोनशे. नुसती पिल्लं हवी असतील तर कृत्रिम फलनाच्या वाटेला जाऊच नका. मादीचा जीव घ्यावा लागत नाही आणि अंड्यांना जेलीचं संरक्षणही मिळतं. पण पहिल्या काही तासांतला भ्रूण हवा असेल, तर ही अंडी कुचकामी. फलन नेमकं कधी झालं ते कळत नाही, आणि जेलीतून अंडी सोडवेपर्यंत वेळ निघून जातो. 2020 मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होलच्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीत याच जातीच्या भ्रूणात रंगद्रव्याचं जनुक बंद पाडण्यात आलं. असं काम करायचं तर घड्याळ आपल्या हातात हवं, म्हणजे बशीतलं फलनच हवं.

त्यासाठी अंडी बीजवाहिनीतली, म्हणजे अंडाशयातून अंडी बाहेर नेणाऱ्या नळीतली, घ्यावीत. अंडाशयातली अजून कच्ची असतात.

शुक्राणू दोन ठिकाणी मिळतात. नराच्या पिशवीतले स्पर्मॅटोफोर, म्हणजे शुक्राणू भरलेल्या बारीक नळ्या, समुद्राच्या पाण्यात टाकले की आपसूक फुटतात: टोक उघडतं, आतली नळी उलटी होत बाहेर येते आणि शुक्राणूंचा पांढुरका गोळा मोकळा होतो. दुसरी जागा म्हणजे समागम झालेल्या मादीच्या तोंडाभोवतीचा पडदा. पक्व नर हाती लागला नाही तर याचा मोठा आधार असतो, पण पिल्लांचा बाप कोण हे सांगता येत नाही. शक्य असेल तिथे मी नराचेच घेईन. शुक्राणूंना आत शिरायला अंड्याच्या एका टोकाला एकच सूक्ष्म छिद्र असतं, तेव्हा पिपेट अंड्यांच्या अगदी जवळ न्या आणि हळू सोडा.

आता खरा प्रश्न जेलीचा. डोरिट्युथिसला तिच्याशिवाय चालतं. जपानी टोडारोडस पॅसिफिकस किंवा हम्बोल्ट स्क्विड, म्हणजे डोसिडिकस गिगास, यांना चालत नाही. त्यांच्या अंड्याचं आवरण फुगून भ्रूणाभोवती मोकळी जागा व्हावी लागते, आणि ते घडवून आणतो बीजवाहिनीच्या ग्रंथीतला जेलीसारखा पदार्थ. तो नसेल तर आवरण अंड्याला घट्ट चिकटून राहतं. पेशीविभाजन सुरू झालं तरी भ्रूणाला वाढायला जागा मिळत नाही, तो वेडावाकडा होतो आणि मरतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा पदार्थ घातलेली आणि न घातलेली बशी शेजारी ठेवल्या की फरक लगेच दिसतो: एकीत अंड्याभोवती स्वच्छ कडं, दुसरीत काहीच नाही.

इथे एक चूक सहज होते. मादी उघडल्यावर नजरेत भरतात त्या निडामेंटल ग्रंथी, मोठ्या आणि पांढऱ्या. त्या अंडीपुंजाचं बाहेरचं आवरण बनवतात. आपल्याला हवी ती बीजवाहिनीच्या टोकाची लहान ग्रंथी.

ही ग्रंथी ताजी वाटून वापरता येते किंवा गोठवून-वाळवून तिची भुकटी करता येते. त्याच दिवशी, त्याच मादीवर काम असेल तर ताजी घ्या. पण पक्व माद्या कधी मिळतील याचा भरवसा नसतो, म्हणून मी भुकटीच्या बाजूने आहे. गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ती नीट विरघळवली की झालं.

ग्रंथी ताजी घेतली काय किंवा भुकटी, नैसर्गिक जेलीचं कवच बशीत नसतं, त्यामुळे जिवाणू झपाट्याने माजतात. पाणी बारीक गाळून घ्या, त्यात प्रतिजैविक घाला, मेलेली अंडी रोज वेचून काढा. टोडारोडससाठी तापमान 15 ते 23 अंश सेल्सिअसच्या आत ठेवा.