ऑनलाइन लायसन रिन्यूअल, काही महिने वापरून: सगळं ठीक, सही सोडून

हा रिव्ह्यू कार्ड हातात आलं तेव्हाच लिहिणार होतो. राहून गेला ते बरंच झालं, नाहीतर नुसत्या शिव्या पडल्या असत्या. मधल्या काळात राग बराच निवळला होता. पण गेल्या महिन्यात गोव्यात भाड्याची स्कूटर घ्यायला गेलो. काउंटरवरच्या पोराने फॉर्मवरची माझी सही बघितली, लायसनवरची बघितली, पुन्हा फॉर्मवरची बघितली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "काका, दुसरं काही आयडी आहे का?" आधार दाखवलं, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली स्कूटर मिळाली, पण डोकं फिरलं ते फिरलंच.

सारथीवर (लायसनची सरकारी वेबसाइट) अर्ज कसा भरायचा ते सांगत बसत नाही, त्याचे ढिगाने व्हिडिओ आहेत. माझं मूळ लायसन 2005 चं, वीस वर्षांचं. नंबर आणि जन्मतारीख टाकल्यावर माहिती लगेच उघडली, म्हणजे कुणीतरी कधीतरी ते चढवून ठेवलं होतं. ज्यांच्याकडे अजून जुनं पुस्तक आहे आणि सारथी 'रेकॉर्ड नाही' म्हणतं, त्यांना आधी आरटीओत जाऊन बॅकलॉगची नोंद करून घ्यावी लागते, म्हणजे जुनं लायसन संगणकावर चढवून घ्यावं लागतं. घरबसल्याची गंमत तिथेच संपते.

पैशाचं आधी सांगतो, कारण मी हा सगळा खटाटोप पैशासाठीच केला. आमच्या इथल्या एजंटने दोन हजार सांगितले. सरकारी हिशोब असा: रिन्यूअलचे 200, स्मार्ट कार्डाचे 200 आणि वर टपालखर्च. पाचशेच्या आत काम. एजंटला नकार देताना जे समाधान मिळालं त्याचा एक तारा वेगळा. पण चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरचा फॉर्म 1ए, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागतो, आणि तो आता डॉक्टरच आपल्या लॉगिनमधून ऑनलाइन चढवतात. डॉक्टरांनी घेतले पाचशे. चष्मा लावूनच गेलो होतो, तरी "चष्मा आहे ना?" असं विचारलं, रंगीत ठिपक्यांचं एक पान दाखवलं, त्यातला आकडा वाचून घेतला आणि झालं. सगळ्या सरकारी फीपेक्षा तो आकडा महाग पडला.

आता मुद्द्यावर येतो.

माझी सही देवनागरीत आहे. आडनावाचं शेवटचं अक्षर झालं की तिथून मागे फिरून अख्ख्या नावाखालून एक फराटा जातो आणि त्याखाली दोन टिंबं. आमच्या वडिलांचीही अशीच. बँक, एलआयसी, सोसायटीचं रजिस्टर, सगळीकडे तीच. सारथीला सहीचा फोटो दहा ते वीस केबीत लागतो. मोबाईलवर काढलेला फोटो असतो दोन-तीन एमबीचा. दाबत दाबत आणला तर नऊ केबी झाला, म्हणे फार लहान. पुन्हा केला तर एकवीस. शेवटी एकदाचा बसला, पण सहीसाठी दिलेली चौकट आडवी लांबलचक आणि उंचीला अगदीच तोकडी. फराटा धरला तर नाव मुंगीएवढं होतं, नाव मोठं केलं तर फराटा कापला जातो. कोपऱ्यावरचा सायबर कॅफेवाला तीस रुपयांत करून देत होता. वीस केबीसाठी तीस रुपये? नाही दिले. नाव वाचता यावं म्हणून फराट्यावर पाणी सोडलं, टिंबंही गेली.

तरी स्क्रीनवर जे दिसत होतं ते निदान सही होती. हल्लीची कार्डं पॉलिकार्बोनेटची असतात, त्यावर शाई नसते, लेझरने कोरतात. फोटो त्यामुळे करडा येतो, तो चालून जातो, या वयात करडं दिसणं खोटंही नाही. सही मात्र आडवी पडलेली झुरळाची मिशी आली आहे. वीस वर्षं ज्या सहीवर चेक वटले ती ही नव्हे.

बाकी कार्डाबद्दल तक्रार नाही, उलट इथे मला मत बदलावं लागलं. माझ्या जुन्या लायसनचं लॅमिनेशन दुसऱ्याच पावसाळ्यात कडेने सुटलं होतं आणि आत ओल शिरून फोटो पिवळा पडला होता. नवीन कार्ड या जुलैत खिशात चिंब भिजलं, पाकिटासकट भिजलं. पुसलं आणि ठेवून दिलं, काही झालं नाही. थर सुटत नाहीत, अक्षरं खरवडून निघत नाहीत. म्हणजे ती मिशीसुद्धा निघणार नाही, हे आलंच.

दुसरं मत बदललं ते डिजिलॉकरबद्दल, म्हणजे मोबाईलवर कागदपत्रं दाखवणाऱ्या सरकारी ॲपबद्दल. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण कार्ड यायच्या आधीच तिथे नवी मुदत दिसायला लागली होती, आणि नेमकं त्याच काळात एका चौकात मला बाजूला घेतलं. हवालदाराने मोबाईलची स्क्रीन बघितली आणि "जा" म्हणाला. 2018 पासून केंद्राच्या नियमात हे मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे, हे मी त्याला ऐकवायच्या तयारीत होतो. संधीच मिळाली नाही. विनालायसनचा दंड पाच हजार आहे हे लक्षात घेता ती स्क्रीन मला फार आवडली.

कार्ड येण्याचा प्रकार मात्र पुन्हा घरबसल्या राहिला नाही. स्पीड पोस्टने आलं तेव्हा आम्ही गावी, दाराला कुलूप. पाकीट आरटीओकडे परत. खिडकीवर आधी "इथे आलंच नाही" असं उत्तर. ट्रॅकिंगचा प्रिंट पुढे सरकवल्यावर (दोन रुपये) मागून रबर लावलेले गठ्ठे निघाले आणि तिसऱ्या गठ्ठ्यात मी सापडलो. रजिस्टरवर सही करून घेतली. फराट्यासकट, टिंबांसकट केली. मी कार्डावरची सही दाखवली तर मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांची अशीच येते हो." बदलायची सोय आहे, फोटो आणि सही बदलण्याची वेगळी सेवाच आहे सारथीवर. त्याची फी वेगळी आणि नवीन कार्डाचे 200 पुन्हा. म्हणजे माझीच सही मला चारशे रुपयांना विकत. नको म्हटलं.

एक आर्थिक बाब, काटकसरी लोकांसाठी. 2019 च्या दुरुस्तीनंतर मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, आणि तीस ते पन्नास या वयात दहाच वर्षं मिळतात, पूर्वीसारखी वीस नाहीत. माझ्या कार्डावर ती दहा वर्षं मंजुरीच्या तारखेपासून धरली आहेत. जुन्या लायसनचे उरलेले महिने गेले. कारकुनी भाषेत ते बरोबर असेल, पण पैसे भरलेले महिने होते ते. फार आधी अर्ज करायची घाई करू नका, आणि संपल्यावर वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते, तेही नको. पंचावन्नपुढच्यांना तर पाचच वर्षं, म्हणजे दर पाच वर्षांनी डॉक्टरचे पाचशे.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा सहीचा कापला, एक परत गेलेल्या पाकिटाचा.

ताजी खबर: परवा सौ.चं रिन्यूअल झालं. तिची सही म्हणजे इंग्रजीत दोन अक्षरं आणि एक टिंब. पहिल्याच फटक्यात बारा केबी, कार्डावर छापल्यासारखी स्वच्छ. तीही म्हणते की सगळी चूक माझ्या फराट्याची आहे.