खाडीत गरवायला घेतलेला स्पिनिंग सेट: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

गेल्या नारळी पौर्णिमेनंतर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, हा सेट घेतला. सात फुटी दोन तुकड्यांचा मीडियम रॉड, 2500 आकाराचं स्पिनिंग रील आणि वीस पाउंड ताकदीची ब्रेडेड (बारीक धाग्यांची विणलेली) दोरी. सगळं मिळून 5,000 रुपयांच्या आत बसलं. आता पाऊस तोंडावर आलाय आणि सामान धुऊन ठेवायची वेळ झालीय, म्हणून सविस्तर लिहितोय. वापर बहुतेक रत्नागिरीतच झाला. काजळी नदी समुद्राला मिळते त्या भाट्याच्या खाडीत जास्त, अधूनमधून मिऱ्याच्या बाजूला आणि जयगडला.

लहानपणी गरी टाकलेली आहे, मध्ये बरीच वर्षं पाण्याकडे फिरकलो नाही आणि आता पुन्हा सुरुवात करायची आहे, अशा माणसाला एवढा सेट पुरतो. आणखी पैसे घालायचे असतील तर ते दोरी आणि लीडरवर (दोरीच्या पुढे, गळाजवळ जोडायचा चिवट तुकडा) घाला, लूरच्या (खोट्या आमिषांच्या) डब्यावर नको.

आमच्या लहानपणी रॉड नव्हताच. रिकाम्या बाटलीला नायलॉनची तंगूस गुंडाळायची, टोकाला वजनाला लोखंडी नट, वर गरी आणि गरीला चिंगळं, म्हणजे छोटी कोळंबी. दोरी तर्जनीवर घेऊन बसायचं. शिंगाळ्याचा झटका वेगळा, मुडदुशीची टुकटुक वेगळी, हे बोटाला कळायचं. रॉड हातात घेतल्यावर ही जाण निरुपयोगी ठरेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, आणि त्याचं श्रेय ब्रेडेड दोरीला आहे. नायलॉन ताणलं जातं, ही दोरी जवळजवळ ताणलीच जात नाही. तीस मीटरवर माशाने चिंगळाला तोंड लावलं तरी रीलपुढे दोरीवर ठेवलेल्या बोटाला ते कळतं. माझ्या लेखी या अख्ख्या खरेदीतली सगळ्यात मोलाची वस्तू ही दोरी आहे. एक काळजी मात्र घ्यायची. नुसती ब्रेडेड दोरी स्पूलवर (रीलच्या दोरी गुंडाळायच्या चकरीवर) गुंडाळली तर ती अख्खी घसरून गोल फिरते, म्हणून खाली थोडं नायलॉन गुंडाळावं आणि मग ही भरावी.

रॉडबद्दल फारशी तक्रार नाही. त्यावर 7 ते 28 ग्रॅम लिहिलंय. प्रत्यक्षात दहा ते वीस ग्रॅमचं वजन त्यातून उत्तम सुटतं, पंचवीसच्या पुढे टोक दमतं. दोन तुकड्यांचा असल्याने स्कूटरवर नेता येतो. गाइडच्या, म्हणजे रॉडवर दोरी ज्यांतून जाते त्या, कड्यांकडे लक्ष ठेवा. आतल्या चिनी मातीच्या कडीला बारीक चीर गेली तर ती डोळ्यांना दिसत नाही, पण दोरी तिथे कुरतडली जाते. थोडा कापूस घेऊन प्रत्येक कडीतून फिरवायचा, तंतू अडकला की समजायचं कडी गेली. माझ्या वरून दुसऱ्या कडीत फेब्रुवारीत असाच तंतू अडकला. कडी बाजारातून आणून बसवली, काम झालं.

रीलचं मात्र जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण खाऱ्या पाण्यात खरी परीक्षा त्याचीच. पहिले तीन-चार महिने लोण्यासारखं फिरलं. दिवाळीनंतर मासा ओढताना किर्र आवाज यायला लागला. खोलून पाहिलं तर गिअर ठीक होते, अडकली होती ती बेलवरची (रीलपुढच्या तारेच्या कमानीवरची) छोटी रोलर, जिच्यावरून दोरी वळून स्पूलवर जाते. तिच्या आतल्या बेअरिंगला गंज धरला होता. रोलर फिरेनाशी झाली की दोरी तिच्यावर घासते, आणि आपण मात्र दोरीला दोष देत बसतो. डब्यावर खाऱ्या पाण्यासाठी योग्य असं छापलेलं आहे, तरी एवढ्या लवकर बेअरिंग जावं हे मला पटलं नाही. विकणाऱ्याने वॉरंटीत गंज येत नाही असं कळवलं. दुसरी बेअरिंग स्वस्तात मिळाली, तेव्हापासून आवाज नाही.

धुण्याची पद्धत दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. घरी आल्यावर ड्रॅगची (मासा ओढतो तेव्हा दोरी किती ताणावर सुटेल ते ठरवणाऱ्या ब्रेकची) चकती आधी घट्ट करायची म्हणजे आतल्या वॉशरपर्यंत पाणी जात नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार. नळी जोरात मारू नका, जोराने मीठ बाहेर निघण्याऐवजी आत बेअरिंगमध्ये जातं. पुसून सावलीत वाळवायचं, रोलरला तेलाचा एक थेंब, आणि ठेवताना ड्रॅग सैल सोडायचा. हे रोज केलं तर स्वस्तातलं रीलही टिकतं.

भाट्याच्या पुलाखाली आणि मिऱ्याच्या खडकांवर कालवं, म्हणजे धारदार शिंपले, आहेत. त्यांच्या कडेला ब्रेडेड दोरी नुसती टेकली तरी तुटते, म्हणून पुढे हातभर तरी फ्लुरोकार्बन लीडर हवाच. तीस पाउंडांचा घ्या. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते आणि तो उडी मारून डोकं झटकतो, बारीक लीडर तिथेच जातो. तांबोशीची तऱ्हा वेगळी. ती लागल्याबरोबर कांदळवनाच्या मुळांत घुसायला बघते आणि पहिल्या दोन सेकंदांत थोपवली नाही तर संपलं. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव भागावर ठेवावा. वीस पाउंडांच्या दोरीला सव्वादोन किलोच्या आसपास, स्प्रिंगकाट्यावर मोजून. दोरीला लीडर जोडायच्या गाठींपैकी एफजी शिकायला वेळ लागतो, पण ती गाइडमधून अलगद निघते. डबल युनी सोपी, पण जाड होते आणि टाकताना कडीला ठेचते.

आता लूर. नव्याने सुरुवात करणाऱ्याला आधी मोठा जिताडा लूरवर काढलेला व्हिडिओ दिसतो, आणि तो त्याच सामानाच्या मागे लागतो. माझं मत ठाम आहे की पहिला हंगाम जिवंत चिंगळावर काढावा. दहा ग्रॅमच्या जिगहेडला (वजन जोडलेल्या गळाला) शेपटीकडून टोचलेलं चिंगळ, चढत्या पाण्यात, तळाच्या जरा वर. एवढ्यावर मुडदुशी, तांबोशीची पिल्लं, गोबरा, शिंगाळा सगळे येतात, आणि मासा कुठे उभा राहतो हे त्यातून कळत जातं. ते कळल्यावर लूर. रबरी माशांच्या लूरचा तर इथे केंड (फुगणारा मासा) फडशा पाडतो. कात्रीने कापल्यासारखी शेपटी गायब होते, झटकाही जाणवत नाही. केंड लागलाच तर पकडीने सोडवून परत टाका, तो विषारी असतो. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना हात लावू नका. लागला तर हात तासन्‌तास ठणकतो.

सामानापेक्षा महत्त्वाचं आहे ते पाणी. राजिवड्याचे एक चाचा पुलाजवळ पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकायला येतात. माझा रॉड त्यांनी हातात घेऊन पाहिला, वाकवला, परत दिला आणि म्हणाले, "चांगलाय. पण उभ्या पाण्यात येऊ नको. पाणी धावायला लागलं की ये." त्यांचा हिशेब तिथीचा. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. खाडीत आत जावं तसं पाणी उशिरा पोचतं, तेवढं धरायचं. मोबाइलमधल्या तक्त्याशी मी ताडून पाहिलं, फरक पडला तर अर्ध्या तासाचा. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, तेव्हा मी आता जातच नाही. उधाणाच्या आधीचे दोन-तीन दिवस सगळ्यात चांगले.

मासा ठेवायचा किती, यावरही बोललं पाहिजे. 2023 साली महाराष्ट्राने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. तो प्रामुख्याने धंद्याच्या मासेमारीसाठी असला तरी हौशी माणसाने त्याहून कडक असावं असं मला वाटतं. जिताडा नर म्हणून वयात येतो आणि बरीच वर्षं वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी सगळ्यांना हवा असतो तो मोठा मासा बहुतेक वेळा अंड्याची मादीच, आणि पावसाळ्याच्या सुमारास ती खाडीच्या मुखाकडे उतरते. ती सोडावी. तिहेरी गळाऐवजी एकेरी गळ लावला तर सोडणं सोपं जातं आणि मासा वाचतो. घरच्या तव्यापुरत्या मुडदुशी आणल्या की माझं भागतं.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते. काठावरून गरवणाऱ्याला ती लागू नाही, पण पावसात मिऱ्याच्या खडकांवर उभं राहू नये. शेवाळ आणि लाट दोन्ही सांगून येत नाहीत. आणि रॉड कार्बनचा आहे, विजा चमकत असताना तो उघड्यावर उभा धरणं जिवावर बेतू शकतं.

हाच सेट पुन्हा घेईन का? रॉड आणि दोरी, हो. रील त्याच किमतीत दुसरं बघेन, ज्याची रोलर सहज खोलता येते असं, आणि आकार 3000 चा, म्हणजे जयगडच्या जेटीवर जास्त दोरी हाताशी राहील.