वाशीतलं एक दिवसाचं सेप्सिस प्रशिक्षण: कॅज्युअल्टीच्या सिस्टरांनी करावं का?

करावं. ट्रायाजला, म्हणजे आलेल्यांपैकी आधी कोणाला बघायचं ते ठरवायच्या जागी, ड्युटी असेल तर नक्कीच. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयवच बिघडायला लागणं.

सगळ्यात चांगला भाग श्वास मोजण्याचा. बहुतेक केसपेपरवर आरआर (मिनिटाला किती श्वास) डोळे झाकून '20' लिहिलेला असतो, आणि सेप्सिसमध्ये आधी वाढतो तोच. इथे नाडीवर हात ठेवून, पेशंटला न सांगता, पूर्ण 60 सेकंद छाती मोजायला लावतात. 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाच्या चुकीने आकडा चारने हलतो.

न्यूज-2 स्कोअर, म्हणजे श्वास, नाडी, बीपी वगैरेंना गुण देऊन पेशंट किती गंभीर ते ठरवणं, उदाहरणातून शिकवतात. मधुमेही आजी, घरून पॅरासिटामॉल घेऊन आलेल्या: तापमान 37.4, पल्स 108, बीपी 104, आरआर 24, बाहेरून ऑक्सिजन न लावता रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन 95. ताप नाही, बीपी 'ठीक', तरी स्कोअर 5. म्हणजे डॉक्टरांना लगेच बोलवायचं. त्यात मुलगी म्हणते, "सकाळपासून आई काहीतरीच बोलतेय." हा नवा गोंधळ धरला की आणखी 3, एकूण 8. नातेवाइकांचं बोलणं कागदावर उतरवायची सवय इथे लागते, हे फार मोलाचं.

ब्लड कल्चरचा (रक्तातले जंतू शोधायच्या तपासणीचा) सरावही नेटका: क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने घासून त्वचा वाळू द्यायची, पुन्हा बोट लावायचं नाही, मोठ्यांमध्ये प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त. कल्चर अँटिबायोटिकच्या आधी. पण शिर सापडत नाही म्हणून शॉकमधल्या (रक्ताभिसरण कोलमडलेल्या) पेशंटचं अँटिबायोटिक अडवायचं नाही. लॅक्टेटचं (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) सॅम्पल पडून राहिलं तर आकडा खोटा वाढतो, हे मात्र घाईत उरकलं.

दोन गोष्टी खटकल्या. खिशात ठेवायला क्यूसोफाचं (श्वास, बीपी आणि शुद्ध या तीनच गोष्टींवरचा झटपट स्कोअर) कार्ड देतात. 2021च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी एकट्या क्यूसोफावर स्क्रीनिंग करू नका असं सांगितलंय, कारण सुरुवातीचे पेशंट त्यातून निसटतात. दुसरी जास्त गंभीर. बीपी पडलं किंवा लॅक्टेट 4 झालं की किलोला 30 मिली सलाईन, म्हणजे 60 किलोला 1800 मिली, पहिल्या तीन तासांत, एवढंच शिकवलं. ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यात असाच दिसणारा पेशंट डेंग्यूचा निघू शकतो. त्यात रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, सरसकट सलाईन चढवलं तर ते फुप्फुसाभोवती साठतं. दर टप्प्याला हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि लघवी बघावी लागते. लेप्टोचाही (पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) उल्लेख नाही. जूनच्या बॅचआधी आयोजकांनी यासाठी एक तास वाढवायलाच हवा.