पलंग पाचपैकी पाच, बाकीचं खाली वाचा

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका सेवाभावी क्लबचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. पुढे थोडी कुरकुर आहे, म्हणून क्लबचं नाव घेत नाही. शिवाय असं केंद्र बऱ्याच तालुक्यांत सापडेल.

सेवाग्रामला बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं ते ऐन पेरणीत. पाठ वर करता येणारा पलंग, हवेची गादी आणि पुढे वॉकर, एवढं घरी लागणार होतं. विकत घेतलं असतं तर बी-खताचा पैसा त्यातच गेला असता. केंद्रात अनामत दीड हजार, भाडं नावापुरतं. कागद म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी आणि आधारची झेरॉक्स. शिवाय क्लबच्या एखाद्या मेंबरची ओळख लागते, आणि हे मला पटलं नाही. माझी कृषी केंद्रवाल्याशी उधारीची ओळख होती म्हणून जमलं. पण ज्याचं खेड्याबाहेर कोणीच नाही, त्यानं कोणाचं नाव सांगायचं?

पलंग मात्र दणकट. रंग उडालेला, पण वेल्डिंग कुठं सुटलेलं नाही. पायथ्याशी दोन हँडल असतात, एकानं पाठ वर येते, दुसऱ्यानं गुडघे. काम झालं की हँडल आत दुमडून ठेवा, नाहीतर येता-जाता नडगी फुटते. आईची दोनदा फुटली. आणायला छोटा हत्ती लागतो, भाडं आपलं. दार अरुंद असेल तर डोक्याकडची आणि पायाकडची फळी काढून पलंग आडवा करून आत न्यावा लागतो.

हवेच्या गादीचं जरा सविस्तर सांगतो, कारण केंद्रात हे कोणी सांगत नाही. तिचा पंप आळीपाळीनं एकेक कप्पा फुगवतो, म्हणजे अंगाच्या एकाच जागी दाब राहत नाही. पंप चालतो लाइटवर. आमच्याकडे आभाळ गडगडलं की लाइन गेलीच. मग गादी हळूहळू बसते आणि पेशंट पत्र्यावर येतो. दर दोन तासांनी कूस बदला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गादी आहे म्हणून आईनं त्यात ढिलाई केली नाही. पाठीमागं उशी, दोन पायांच्या मधे उशी, रात्री मोबाइलचा गजर. बाबांना जखम झाली नाही, त्याचं श्रेय मी गादीपेक्षा आईलाच देईन.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पंप बंद पडला. क्लबचं वर्ष १ जुलैला बदलतं. जुने अध्यक्ष म्हणाले, माझा चार्ज संपला. नवे म्हणाले, पदग्रहण व्हायचं आहे. शेवटी केंद्राची किल्ली सांभाळणाऱ्या भाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "अध्यक्ष दरसाल बदलते भाऊ, मी नाही बदलत. आना पंप." नळी फाटली होती. त्यांनी दुसरी लावून दिली, पैसे घेतले नाहीत.

या क्लबवाल्यांना काम धरून ठेवता येत नाही असंही नाही. लायन्सनी १९२५ मध्ये अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांच्या शब्दाखातर अंधत्वाचं काम हाती घेतलं, ते आजही मोतीबिंदूच्या शिबिरांत दिसतं. रोटरीनं १९८५ मध्ये जगभरातला पोलिओ घालवायचं मनावर घेतलं. पुढे सरकार, आरोग्य संघटना, गावोगावच्या बूथवर डाव्या करंगळीला शाई लावणाऱ्या बाया, सगळे राबले. भारतातला शेवटचा पेशंट जानेवारी २०११ मधला, आणि पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं २७ मार्च २०१४ ला. तेवढ्या काळात अध्यक्ष किती झाले असतील! इथं मात्र नवा अध्यक्ष आला की नवा बॅनर, नवं वृक्षारोपण, आणि केंद्राच्या कपाटात तोच जुना पंप. पदग्रहणाच्या शाली-नारळाच्या खर्चात दोन पंप आले असते, असं मला तरी वाटते.

सामान परत करताना अनामत पुरती मिळाली. दाराला घासून पलंगाचा रंग आणखी गेला होता, त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

वॉकर घेताना चारही पायांची रबरी बुटं तपासून घ्या. आमच्या वॉकरचं एक गायब होतं आणि सारवलेल्या जमिनीवर तो सरकत होता. ती बुटं मेडिकलमध्ये सुटी मिळतात, जुनं एक सोबत न्या म्हणजे माप चुकत नाही.