ओल मोजायचं यंत्र: आठ महिने वापरल्यावर

गेल्या जूनमध्ये घेतलं. दोन सुयांचं, साधं, दीडेक हजारांचं. कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या कपाटामागून कुबट वास यायचा, भिंतीवर डाग मात्र एकही नाही.

पहिला महिना पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. जिथे टोचावं तिथे वेगळा आकडा. माहितीपत्रक नीट वाचलं तेव्हा उलगडा झाला: यंत्र दोन सुयांमधला विजेचा रोध मोजतं आणि त्यावरचे टक्के लाकडासाठीचे. गिलाव्यावर त्यातून एवढंच कळतं, की ही जागा शेजारच्या जागेपेक्षा ओली की कोरडी. मग भिंतीवर फुटाफुटावर पेन्सिलीने खुणा केल्या आणि दर रविवारी आकडे वहीत. "आता भिंतीचं बीपी बघा," इति बायको.

पावसाळ्यात सगळ्याच भिंती चढल्या. दिवाळीनंतर बाहेरच्या उतरल्या, बाथरूमला लागून असलेली जागची हलेना. तीही फक्त खालचा फूटभर. पाणी शेवटी खालीच येतं, त्यामुळे एवढ्यावरून पाइप संशयातून सुटत नाही. प्लंबर तर गीझरची आतली लाइन फोडायलाच निघाला होता. त्याला थांबवलं. पंधरा दिवस ती बाथरूम वापरली नाही, पण पाइपांना पाणी सोडणारा कॉक चालूच ठेवला. प्रेशरची लाइन गळत असती तर चोवीस तास पाझरत राहिली असती. आकडे उतरायला लागले! म्हणजे पाणी सांडलं की झिरपतंय. नहाणी ट्रॅपभोवती, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीभोवती, टाइल्सच्या फटी मोकळ्या झाल्या होत्या. तेवढंच उकरून पुन्हा भरलं, बाकी एकही टाइल फुटली नाही.

फसलोही. हॉलमध्ये खिडकीखाली आकडा टोकाला गेला म्हणून गिलावा खरवडला, तर आत कोरडठाक. जुन्या ओलीचा खार वर आलेला. क्षार असले की थोड्याशा दमटपणातही वीज जास्त वाहते आणि यंत्र ओल दाखवतं. पांढरी भुकटी दिसली तर आकड्यावर विसंबू नका. शिवाय टाइलवर सुया चालत नाहीत, आणि डिस्टेंपरवर पडलेली भोकं घरच्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसतात.

सध्या यंत्र खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला डाग पडलाय. त्याच्यावर आमचीच बाल्कनी येते.